झटक्याआधीची हाक

तो लेथ मशीनवर काम करायचा, म्हणून सगळे त्याला टर्नरच म्हणत. त्याला फिट्स यायच्या. फिट येण्याआधी क्षणभर बायकोची हाक ऐकू यायची, स्वयंपाकघरातून, अगदी स्पष्ट. तो वळायचा आणि कोसळायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक तेव्हा रांगत होती.

फिरत्या मशीनपाशी अशा माणसाला कोण उभं करणार? काम सुटलं. बापाला एकटं टाकून लेकीचाही पाय घराबाहेर निघेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी नवा उपाय सुचवला. मेंदूवर नखाएवढी पट्टी बसवायची. तिच्यावर एका खास पॉलिमरचा थर, त्यात औषध मुरवलेलं. फिटची चाहूल लागली की यंत्र बारीकसा करंट सोडणार, थर सैल होणार आणि औषध नेमकं तिथेच झिरपणार.

उपाय लागू पडला. कारखान्याने आधी त्याला गोदामात बसवलं, मग पुन्हा लेथवर घेतलं. लेकीला नोकरी लागली. टर्नर मात्र जेवताना घास हातात धरून स्वयंपाकघराकडे बघत राहायचा.

तपासणीच्या वेळी त्याने चाचरत विचारलं, "बाई, ते औषध जरा उशिरा नाही का सोडता येणार? तिची हाक ऐकून झाल्यावर?"

"कुणाची हाक, काका?"

त्याने सांगितलं. बाईंनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. "ती हाक म्हणजेच फिटची सुरुवात आहे. तिला वाट दिली, तर मागून सगळंच येईल."

"तेही खरंच," तो म्हणाला आणि शर्टाचं बटण चाचपत राहिला.

लेक शेजारीच बसली होती. घरी रात्रीचं ताट वाढल्यावर ती म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं मला एका शब्दाने बोलला नाहीत."

"काय बोलणार? म्हणाली असतीस, बापाचं डोकं फिरलं."

"मला आईचा आवाजच आठवत नाही. कसा होता?"

टर्नरने खाकरून आवाज बारीक केला. "अहो, ऐकलंत का?"

"अगं बाई, ही तर मांजर!" लेक खळखळून हसली. तोही हसला आणि बाहीने डोळे पुसले.

"'का' जरा लांबवायची ती. तू म्हणून बघ."

लेक म्हणाली. "थोडं खाली घे," तो म्हणाला. ती पुन्हा म्हणाली. जवळपास आलं, पण हुबेहूब काही जमेना. ताटातलं निवून गेलं, तरी दोघं तिथेच बसून होती.