नव्या कॅसेटमधला होकार

मला त्या चौकडीची नवी कॅसेट मुळीच आवडली नाही आणि ते मी मॅन्युएलला तोंडावर सांगितलं. सांगायला नको होतं, असं आज वाटतं.

मॅन्युएल माझा शाळासोबती, आरोंद्याचाच, मालवाहू जहाजावर खलाशी. चौऱ्याऐंशी साली त्यानं न्यूयॉर्कहून 'डॉक स्ट्रीट फोर' या चौकडीची पहिली कॅसेट आणली. एकजण ठेक्यावर तडातडा बोलायचा आणि बाकीचे तिघे त्याला ओ द्यायचे. मी इंग्रजीचा मास्तर, तरी निम्मं डोक्यावरून गेलं. पण पहिल्याच दिवशी मी ओळखलं, हे तर आमचं गाऱ्हाणं! माझे बाबा वेशीवरच्या देवचारासमोर, म्हणजे गावच्या राखणदारासमोर, नारळ ठेवून एकेक मागणं मागतात आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणतात. होकार भरला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. मॅन्युएल दर सफरीआधी क्रुसापाशी मेणबत्ती लावायचा आणि मग बाबांकडून गाऱ्हाणं घालून घ्यायचा. होकार भरायला मी असायचोच.

चार वर्षं मी त्या चौघांच्या नादी लागलेला. दुसऱ्या कॅसेटची तर फीत झिजवली. अठ्ठ्याऐंशीच्या सुट्टीत मॅन्युएल तिसरी घेऊन आला, सोबत दोन कॅसेटचा नवा टेपरेकॉर्डर. तो निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या पडवीत बसून आम्ही ऐकली.

ठेका दणदणीत होता, नाही म्हणत नाही. पण ओ द्यायला माणसंच नव्हती. एकच 'येऽ' कुठूनसा उचलून दर ओळीखाली चिकटवला होता. मी तीनदा ऐकून खात्री केली. त्या 'ये'च्या आधीचा श्वाससुद्धा दर वेळी तोच होता. मला चक्क भीती वाटली. पुढचा माणूस जीव तोडून हाक मारतोय आणि मागे कुणीच नाही.

"ह्येका काय अर्थ आसा?" मी म्हटलं. "होकार माणसान देवचो असता."

"तुका काय कळता रे? मशीन चुकणा नाय. माणसा चुकतत."

"मग उद्या तुझ्या गाऱ्हाण्याक मशीनच घेवन ये!" मी तणतणत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाऱ्हाणं होतं. मी गेलो नाही. बोलावू दे की येऊन, म्हणून रुसून बसलो. बाकी लोक भातकापणीला गेलेले. आमचं घर वेशीलाच, देवचाराची जागा परड्यामागे, त्यामुळे बाबांचा आवाज घरात येत होता. आणि मग माझा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

शुभदानं, माझ्या बायकोनं, भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बंद होतं.

मी धावत गेलो. बाबा डोळे मिटून, हात जोडून उभे. त्यांना ऐकू कमीच येतं. मागे मॅन्युएल, बोट टेपरेकॉर्डरच्या बटणावर. गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं त्यानं टेप केलं होतं. त्यातला माझा एकच होकार उचलून त्यानं ओळीनं भरला होता. होकारानंतर मी जरासा खोकलो होतो. तो खोकलाही दर वेळी येत होता.

मला बघून तो हसला. "तू सांगितलंस तसा मशीन घेवन इलंय," हळूच म्हणाला.

शेवटचं मागणं उरलं होतं. बाबा म्हणाले, "ह्या लेकराक सुखरूप घराक परत घेवन ये, म्हाराजा!"

त्या क्षणी मी ओरडू शकलो असतो. दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पण राग नाकाच्या शेंड्यावर, दात आवळून गप्प राहिलो. मॅन्युएलनं बटण दाबलं. दुपारच्या एस्टीनं तो मुंबईला गेला.

जहाज सुटल्यावर तीन आठवड्यांत त्याचं पोस्टकार्ड येतं. आता चौथा महिना सरत आलाय. कंपनीला पत्रं धाडली, त्यांनाही जहाजाचा पत्ता नाही. मॅन्युएलची आई, अँजेलिनामाय, रोज पोस्टात जाऊन येते आणि आमच्या ओट्यावर टेकते.

काल तिच्यासमोरच मी बाबांना म्हटलं, "परत एकदा गाऱ्हाणा घाला. मी होकार भरतंय."

"देवाक दोनदा सांगूचा नसता," बाबा म्हणाले. "आणि भियतस कित्याक? माका कमी ऐकाक येता, पण तुझो आवाज वळाखलंय मी. शेवटचो व्हय तर केदो मोठ्यान म्हटलंस!"

अँजेलिनामायनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"देव बरें करूं तुका, श्रीपाद," ती म्हणाली.