शनीची रेघ

आखाडा बाळापूरच्या शाळेत ग्रह शिकवावेत ते मंजुषाबाईंनीच, असं गाव बारा-चौदा वर्षं म्हणत होतं. गुरूवरचं पृथ्वीहून मोठं वादळ सांगताना त्या हात असे फिरवत की मागच्या बाकावरची पोरंही गप्प होत. युरेनस कुशीवर लोळत सूर्याभोवती फिरतो म्हटलं की वर्ग खदखदून हसे. मग हिंगोलीहून अनुश्री नावाची तरुण शिक्षिका बदलून आली आणि दिवाळीनंतर तिनं स्वतःची दुर्बीण शाळेत आणली.

"नेपच्यूनवरचे वारे सगळ्यात वेगवान," मंजुषाबाईंनी सुरुवात केली, तर एक पोरगी म्हणाली, "मॅडम, अनुश्री मॅडम तो बी दाखवणार व्हय?"

बाईंच्या हातातला खडू मोडला.

शनिवारी संध्याकाळी गावाला शनी दाखवायचं अनुश्रीनं ठरवलं, तेव्हा मंजुषाबाईंना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. यंदा शनीची कडी नुसती धार आपल्याकडं करून आहेत, गोल दिसणारच नाहीत, हे त्यांनी वाचलं होतं. अनुश्रीला सांगावं, असं ओठांवर आलंही. त्यांनी ते गिळलं. होऊ दे फजिती!

दिवेलागणीला शाळेचं मैदान भरलं. पोरांची खिचडी शिजवणाऱ्या गोजरबाई पदर सावरत म्हणाल्या, "शनवारी शनीकडं पाहायचं? साडेसाती लागंल की माय!"

हशा ओसरल्यावर अनुश्री म्हणाली, "कडी आज गोल दिसायची नाहीत. फक्त रेघ दिसेल. असं पंधरा-एक वर्षांनी होतं, म्हणून तर बोलावलं तुम्हाला."

म्हणजे हिला ठाऊक होतं! मंजुषाबाईंचं तोंड कडू झालं.

गोजरबाईंनी डोळा लावला. "अगं बाई! मण्यातून सुई ओवल्यावाणी दिसून राहिलं. पण कडी गेली कुठं?"

अनुश्री कक्षा, प्रतल, कल असं सांगू लागली. माणसं एकमेकांकडं पाहू लागली. मंजुषाबाईंना राहवलं नाही. त्यांनी स्वयंपाकखोलीतून थाळी आणली आणि पुढं घुसल्या.

"गोजरबाई, हिकडं बघा. समोर धरली तर गोल. आता कड डोळ्याकडं केली. काय उरलं?"

"रेघ!"

"तसंच ते. लाखो किलोमीटर पसरलेली बर्फाची कडी, पण जाडी आपल्या पाण्याच्या टाकीच्या उंचीएवढी. मग काय दिसणार?"

"आत्ता कळलं बराबर!" माणसं माना डोलवू लागली. टाळी मात्र सगळ्यांच्या आधी अनुश्रीनंच वाजवली, आणि नेमकं तेच बाईंना झोंबलं. घडीभरात सगळे पुन्हा दुर्बिणीच्या रांगेत. थाळी बाईंच्या हातात तशीच.

"मंजुषाताई, तुम्ही अजून पाहिलाच नाही," अनुश्रीनं हाक मारली.

नको म्हणावं असं वाटलं. पण इतकी वर्षं शनी शिकवून त्यांनी तो फक्त चित्रात पाहिला होता. त्या वाकल्या. काळोखात पिवळसर मणी, त्यातून गेलेली केसासारखी रेघ आणि शेजारी एक बारीक ठिपका.

"तो टायटन, शनीचा चंद्र," अनुश्री हळूच म्हणाली.

"माहितीय मला."

असलं रोज पाहत असेल ही, मनात येईल तेव्हा, एकटीच.

"मॅडम, आमाला बी पाहू द्या की!" मागं पोरं ओरडत होती.

बाईंना ऐकू येत होतं. त्यांनी नळी दोन्ही हातांनी धरली आणि डोळा हलवला नाही.