पाठदुखीच्या गोळ्या

माझे सासरे पुण्याहून निघताना सामानाचं वजन करतात, तसं सोनारही करत नसेल. थोडं वजन वाचलं की आईंच्या चकल्या जास्त बसतात, हा त्यांचा हिशेब. या वेळी बाबांनी माझ्या गोळ्यांची खोकी फाडून कचऱ्यात टाकली आणि नुसत्या स्ट्रिप्स चकलीच्या डब्यात तळाशी रचल्या. आता असा डबा मशीनमध्ये दिसल्यावर कस्टमवाले काय आरती करणार?

कस्टमला थांबवलंय असा बाबांचा फोन आला तेव्हा मी आणि माझा नवरा दत्तप्रसाद दुबई एअरपोर्टच्या बाहेर उभे होतो. "अनुपमा, घाबरू नकोस, जरा विचारपूस चाललीय," बाबा म्हणाले. घाबरू नको म्हणे. घरी अल कुसैसला आज घ्यायची शेवटची गोळी उरली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही चुकवायची नाही. इथे तीच गोळी एवढ्या दिरहमची आहे की दत्तप्रसाद रुपयांत गुणाकार करतो आणि पुन्हा एकदा करून बघतो. इन्शुरन्सने तर कधीच हात वर केलेत.

बरं, बाबांना गोळ्या कसल्या तेच माहीत नव्हतं. मला दिवस गेले होते आणि गोळ्या गर्भ टिकावा म्हणून होत्या. मागच्या वेळी आनंदाच्या भरात मी लगेच सगळ्यांना सांगून बसले आणि मग सांत्वनाचे फोन घेता घेता जीव नकोसा झाला. या वेळी तीन महिने पूर्ण होईपर्यंत अक्षर काढायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून दत्तप्रसादने प्रिस्क्रिप्शन परस्पर पुण्याच्या केमिस्टला पाठवलं आणि बाबांना सांगितलं, अनुच्या पाठदुखीच्या गोळ्या आहेत, तेवढ्या घेऊन या.

फोनवर आता एका बाईचा आवाज आला. "मॅडम, मैं हव्वाबी, काउंटर से. अंकल बोलते, गोलियाँ उनकी हैं, पर्सनल यूज़ के लिए." पुण्याच्या सोसायटीतल्या कुणीतरी बाबांना सांगितलं होतं, स्वतःचं औषध चालतं, दुसऱ्याचं चालत नाही. तेवढं पाठ करून आले होते. हव्वाबीला हसू आवरत नव्हतं. "लेकिन मॅडम, ये तो प्रेग्नन्सी में देते हैं."

बाबांचा फोन स्पीकरवर होता. पलीकडे बाबांचं खाकरणं मला स्पष्ट ऐकू आलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"अनु, प्रिस्क्रिप्शन फॉरवर्ड करू का?" दत्तप्रसादने विचारलं.

"नाही तर काय फ्रेम करून लावणार आहेस?"

त्याने पाठवलं. हव्वाबीने वाचलं. त्यावर नाव माझं, आणि आडनाव माहेरचं, कारण लग्नानंतर मी ते बदललंच नाही. बाबांचा पासपोर्ट वेगळं आडनाव सांगत होता.

"अंकल, ये अनुपमा आपकी कौन?"

"बेटी," बाबा म्हणाले.

"सरनेम तो अलग है."

"शादी हो गई ना उसकी."

माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. कधी नव्हे ते हा माणूस खोटं बोलायला गेला होता, आणि या दोन उत्तरांत एक अक्षर खोटं नव्हतं. हव्वाबीने साहेबांना विचारलं, त्यांनी प्रिस्क्रिप्शन बघितलं, आणि मग मला ऐकू आलं, "यल्ला अंकल, जाइए. अगली बार डिब्बे मत फाड़ना."

बाबा ट्रॉली ढकलत बाहेर आले. गोळ्या माझ्या हातात दिल्या आणि चकल्या मोडल्या का ते बघायला लागले. गाडीत मला पुढे बसवलं आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला म्हणाले, "दत्ता, सावकाश घे. माझी पाठ दुखतेय."

घरी पोचल्यावर पुण्याला फोन झाला. "हो, पोचलो. दिल्या गोळ्या. अगं, पाठदुखीच्याच. मी काय डॉक्टर आहे?" बाबांचे कान लाल झाले होते. बाहेर एक वडापाव खाल्ला तरी आईंना सांगणारा माणूस हा. माझ्यासाठी बायकोपासून लपवत होता आणि ते त्याला बिलकूल जमत नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मागच्या वेळी सांत्वनाचे फोन शंभर आले, पण माझ्याबरोबर रडायला ही दोघंच होती. तीन महिने व्हायला अजून अवकाश होता. मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"आई, पाठदुखीच्या नाहीत त्या."



"आणि ह्या माणसाने त्या चकलीच्या डब्यात कोंबल्या?" आई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.