ठकुबाईचं दुसरं जावळ

मित्रांनो, मी एक जुनी हातमशीन आहे. कपडे शिवायची नाही हं, केस कापायची. म्हणजे बघा, पकडीसारख्या दोन मुठी, मधे एक स्प्रिंग, आणि पुढं एकमेकींवर सरकणाऱ्या दोन दातेरी पट्ट्या. मूठ दाबली की कट, सोडली की कट. वीजबीज काही लागत नाही, नुसता माणसाचा अंगठा लागतो. आता स्प्रिंग पार थकलीय माझी, एका दमात सगळं सांगायला गेले तर धाप लागते, तरीपण सांगते, कारण ठकुबाईच्या त्या दिवशी सगळ्यात जवळ मीच होते. इतकी जवळ की विचारू नका.

भोरच्या एसटी स्टँडजवळ अन्वरचं सलून आहे. त्याच्या अब्बांनी मला पुण्याहून आणलं तेव्हा मी एवढी चकचकीत होते की गिऱ्हाईकं माझ्यात बघून मिशीला पीळ द्यायची. मे महिना लागला की शाळेतल्या पोरांची रांग लागायची, संध्याकाळपर्यंत अब्बांचा अंगठा सुजायचा. आणि जावळं तर किती काढली! जावळ म्हणजे लेकराचे पहिले केस. मामानं भाच्याला मांडीवर घ्यायचं, पहिली बट कात्रीनं कापायची, मग उरलेलं काम माझं. लेकरू भोकाड पसरायचं, बाया हसायच्या, आणि कुणीतरी म्हणायचंच, "अन्वरच्या बापाची मशीन म्हंजे लोण्यावरून हात फिरवल्यागत." ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग नव्व्याण्णव साली विजेवरची आली. भुंग्यासारखी गुणगुणायची. अन्वरनं मला खालच्या खणात टाकलं, बोथट कात्र्यांच्या शेजारी. दोन वर्षं तिथं. तेल नाही, पुसणं नाही, काही नाही.

आणि एक दिवस खण उघडला. भातकापणीचे दिवस होते. दुकानाबाहेर उत्रोलीचे कुंडलिकराव कधीचे उभे होते, आतली गिऱ्हाईकं जाईपर्यंत आत आलेच नाहीत. मग आले आणि खुर्चीकडं न बघताच म्हणाले, "अन्वर, घरी यायला लागतंय. हिचे केस काढायचेत."

हिचे म्हणजे ठकुबाईचे, त्यांच्या बायकोचे. छातीत गाठ निघाली होती. गणपतीत पुण्याला ऑपरेशन झालं, आणि आता दर एकवीस दिवसांनी स्वारगेटची एसटी धरून जायचं, सलाइनमधून औषधाचा डोस घ्यायचा आणि ओकत ओकत परत यायचं. असे सहा डोस. दुसऱ्या डोसानंतर केस गळायला लागले, गळायला म्हणजे मुठीनं. उशीवर, परकराच्या नाडीत, एकदा तर भाकरीच्या पिठात.

पण काढायचे कसे? शेजारची सखूबाई दारात येऊन बसलेली. "सवाष्णीच्या डोक्याला वस्तरा लागत न्हाई गं बाई! नवरा चांगला धडधाकट हाय तुजा!" त्यातून डॉक्टरांनीही बजावलेलं, डोक्याला जखम नको.

अन्वरनं पिशवीतून मला काढलं. "सखूमावशी, ह्यो वस्तरा हाय व्हय? मशीन हाय ही."

सखूबाईनं मला खालीवर बघितलं. मग "मशीन हाय तर चालंल," म्हणाली आणि तिथंच ठाण मांडून बसली.

"ताई, करू का सुरू? जरा गार लागंल."

"व्हय," ठकुबाई म्हणाली.

मित्रांनो, हे 'व्हय' नीट ऐका. म्हणजे कसं सांगू, त्यात होकार नव्हताच. त्या वर्षभरात ती तेवढंच बोलायची. झोपा ताई, व्हय. हात द्या, व्हय. अजून एक डोस राहिलाय, व्हय. नाही म्हणायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो, तो कुठून आणायचा? मी फिरत गेले, केस पडत गेले, आणि तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत.

डोसांच्या मधे तुरळक खुंटं उगवतील म्हणून अन्वरनं मला तिथंच ठेवलं. प्रेरणा, म्हणजे ठकुबाईची लेक, बारावीला होती, तिला मूठ कशी दाबायची ते दाखवलं. भिंतीतल्या देवळीत, काडेपेटीच्या बाजूला, माझी जागा झाली. तिथून मी सगळं बघितलं.

टकलावर पदर राहत नाही, हे तुम्हाला माहितीये? मला नव्हतं माहीत. घसरतोच. ठकुबाई चुलीपुढं वाकली की पदर खाली, पाणी ओतलं की पदर खाली. सारखा एक हात डोक्याला. शेवटी प्रेरणानं वडलांचा जुना मफलर बांधला खालून. सखूबाई म्हणाली, "कंडक्टर दिसती बघ!" ठकुबाई हसायला गेली, पण खोकलाच आला.

माघात सहावा डोस झाला. मग नुसती वाट. चैत्रात एका सकाळी प्रेरणा ओरडली, "आई! थांब, हलू नकोस!" कानामागं लव आली होती. पांढुरकी, भाताचं रोप टाकल्यावर वाफ्यात कोंब दिसतात ना, तशी, म्हणजे उजेड तिरका पडला तरच दिसायची. मग दर रविवारी प्रेरणा बोटानं मोजायची. अर्धं पेर. पाऊण पेर. हळूहळू काळे झाले, आणि गंमत म्हणजे कुरळे! ठकुबाईचे पहिले केस दोरीसारखे सरळ, आणि हे आपले गोल गोल वळणारे. "कुणाचं डोकं घालून आलीस गं?" सखूबाई विचारायची. ठकुबाई म्हणायची, "असूं दे. कुणाचं का असंना." पण पदराखाली तिचा हात सारखा त्या केसांत असायचा, आणि तिला वाटायचं कुणाला कळत नाही.

आषाढात लावणी चालू असताना ती सगळ्यांना न्याहारी घेऊन शेतावर गेली, परत आली, आणि उंबऱ्यातच थांबली. पदर डोक्यावर होता. जाताना होता तसाच. तिनं त्याला हात लावून बघितला. मी बघितलं.

श्रावणात दोन पेरं भरली, आणि गेनबा मामा आले. ठकुबाईचे सख्खे मामा, वेल्ह्याकडच्या डोंगरातले, वय पंच्याहत्तरच्या पुढं. हातात नारळ, खणाचं कापड, आणि पाय अनवाणी. पायाला ह्या एवढ्या भेगा. वर्षभर चप्पल घातली नव्हती त्यांनी. ठकीचं ऑपरेशन झालं त्याच दिवशी गावदेवीला बोलले होते, की ठकी जगू दे, तिला नवे केस येऊ दे, ते पहिले केस तुझे, जावळासारखे, आणि ते वाहीपर्यंत पायात चप्पल नाही.

"तुझं पयलं जावळ माझ्याच मांडीवर निघालं, ठके," मामा म्हणाले. "आता ह्ये दुसरं. लेकराचं जावळ काढलं की दाट येत्यात का न्हाई? तसं येतील परत."

म्हाताऱ्याचे पाय समोर दिसत होते. प्रेरणा तेवढी पुटपुटली, "आजोबा, सहा महिने लागलेत ह्याला." कुंडलिकरावांनी तिला डोळ्यानं गप्प केलं.

"ठके, आज बरा वार हाय. काढूया ना?"

"व्हय," ठकुबाई म्हणाली.

अन्वरला बोलावलं. तो विजेवरची घेऊन आला होता, पण दोन दिवस उत्रोलीत वीजच नव्हती, मग देवळीतून मी. त्यानं मला फुंकर मारली, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब पाजलं, पण नऊ महिन्यांचा गंज तेवढ्यानं जातो होय? मूठ दाबली तर कुरकुरले मी.

आता ठकुबाईसारखी बाई मांडीवर कशी मावणार! मामा पाटावर बसले, ती खाली, पाठ त्यांच्या गुडघ्याला टेकून. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बट कापायला कात्री घेतली, पण ती म्हाताऱ्या बोटांत ठरेना. "तूच घे रं मानंकडनं," ते अन्वरला म्हणाले.

अन्वरनं मला तिच्या मानेवर टेकवलं. एकदा मूठ दाबली.

आणि मी अडकले! बोथट दाते, मऊ केस. कापले नाहीत, नुसते धरून बसले. आता परत दाबावं तर कापले जाणार, ओढावं तर उपटले जाणार. अन्वरचा हात तसाच राहिला. मला तर काय करू नि काय नको झालं. ते केस माझ्या तोंडात होते, मित्रांनो, एवढे मऊ केस मी आयुष्यात धरले नव्हते, लेकरांचेसुद्धा नाहीत.

"थांब, अन्वर," ठकुबाई म्हणाली.

"थांबलोच हाय, ताई."

"न्हाई." तिनंच ते म्हटलं आणि तीच जरा दचकली. मग परत म्हणाली, "न्हाई. म्या न्हाई देनार."

मामांचा हात डोक्यावरून उचलला गेला. "ठके, देवीचं हाय त्ये!"

"देवीचं हुतं, तिनं मला दिलं. दिल्यालं माघारी मागायला ती काय माजी जाऊ हाय?"

सखूबाई दारात फिसकन हसली आणि पदर तोंडाला लावला.

"म्या नवस बोललोय," मामा म्हणाले. "वरीसभर अनवाणी हाय."

"दिसत्यात मला पाय. आल्यापास्नं डोळ्यांम्होरं हायेत." ठकुबाई हळू बोलत होती, मधे मधे श्वास घेत, मान न हलवता, कारण मी मागं लटकलेले. "पर कुणाला इचारून बोलला, मामा? गाठ काडायची तवा सही ह्यांची घेतली. सुई कुठल्या हाताला, डोस कवा, समदं दुसऱ्यांनी ठरवलं. मी आपली व्हय व्हय करत गेले. केस गेले ते बी मला न इचारता. आता आलेत तर तुमी मागताय. मी लई दमले, मामा. आता ह्येवढं डोकं तरी माज्या ताब्यात ऱ्हाऊ द्या."

कुंडलिकराव उठून दारापाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. मामा नारळाची शेंडी उपटत बसले, एकेक धागा. मग अन्वरला म्हणाले, "सोडीव तिला."

अन्वरनं खिशातलं नाणं माझ्या स्क्रूला लावलं, हळू हळू फिरवलं, पट्ट्या अलग केल्या, आणि केस सुटले. एकही तुटला नाही. कुरळे होते, परत वळून मानेवर जाऊन बसले.

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आत पांढरे केस, ह्या वयातही दाट. "बोललो म्या," ते म्हणाले. "मंग देवीला आता ह्येच. गोटा कर, अन्वर."

"आजोबा, आवं, घरात कुणी गेलं तरच गोटा करतात ना?" प्रेरणा म्हणाली.

"म्हाईत हाय मला. बापाच्या दहाव्याला बसलो हुतो, त्यानंतर आजच. चालीव रं."

अन्वरनं माझ्या पट्ट्या परत बसवल्या, स्क्रू आवळला, आणि मग सुरू झालं बघा! केस राठ, मी बोथट. "अगं आयायाया! कापतोस का उपटतोस रं?"

"मामा, नऊ महिनं देवळीत उपाशी हुती ती, जरा घाई करती."

"माज्याच डोक्यावर बरी भूक लागली हिला!"

ठकुबाई हसली. ह्या वेळी खोकला नाही आला. तिनं उठून मामांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, कारण मामा ते फारच हलवत होते, आणि माझे दोन दाते तिथंच तुटले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझीही तक्रार नाही.

केस फडक्यात बांधून मामा अंगणात आले. मामांनी टोपी काढायच्या आधीच पाण्याला गेलेली सखूबाई तेवढ्यात घागर घेऊन परत येत होती, तिनं तो तुळतुळीत गोटा बघितला आणि घागर खाली ठेवून छातीला हात लावला. "आगं बया! मामा, कोन गेलं वं?"

गेनबा मामा अंगणाच्या मधोमध उभे राहिले. "कोन न्हाई गेलं," ते मोठ्यानं म्हणाले, अर्ध्या आळीला ऐकू जाईल असं. "कोन न्हाई गेलं म्हनूनच भादरलंय!"

मित्रांनो, माझं म्हणाल तर माझं काम आता संपलं. गंजलेय, दात पडलेत, कुणी भंगारात टाकलं तरी चालेल. तुम्ही तुमच्या घरातल्या हत्यारांना अधूनमधून पुसत जा, एवढंच. पण माणसांचं जास्त बघा. दमलेलं माणूस पटकन 'व्हय' म्हणतं. ते खरं धरू नका. एकदा विचारा, थांबा, मग परत विचारा. दोन पेरं केस यायला सहा महिने लागले, उत्तर यायला तेवढा नाही तरी थोडा वेळ द्या.