निरीक्षण दाराबाहेरून

"परत लिहायला सांगितलंय." बाबांनी निबंधाचे कागद माझ्या ताटाशेजारी ठेवले. "एकवीस पुस्तकं वाचली, तरी नापास."

आई गेली आणि सहाच महिन्यांत, एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी धर्माच्या अभ्यासाचा वर्ग लावला. निबंधाचा विषय होता प्रार्थना. बाबांनी रकाने आखले होते : कोणता धर्म, दिवसातून किती वेळा, उभ्याने की बसून. खाली मॅडमनी हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'यात तुम्ही कुठे आहात? जवळून पाहिलेल्या एकाच माणसाची प्रार्थना लिहा. सोमवारपर्यंत.'

"दात पडायच्या वयात पाटी-पेन्सिल घेतलीस, मग छड्याही खा," आत्या म्हणाली. ती बाबांची थोरली बहीण. त्यांना टोचायचा हक्क तिने जन्मापासून राखून ठेवलाय. "तुझ्या बायकोचं लिही की. रोज सकाळी बसायची."

बाबा ताट उचलून सिंककडे गेले.

पस्तीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळांमधले तराजू दुरुस्त केले. काचेच्या पेटीत बसवलेले, केसाचंही वजन सांगणारे. वजन घेताना पेटीचं दार लावायचं, नाहीतर आपल्या श्वासानेही आकडा हलतो, हे मला मुळाक्षरांच्या आधी ठाऊक होतं. पुढे मी रसायनशास्त्र घेतलं, त्याला ती पेटीच कारण असावी.

रविवारी दुपारीही कागद कोराच होता.

"आईचं लिहायला अडचण काय आहे?" मी विचारलं.

"मी पाहिलेलंच नाही."

"रोज घरातच तर होतात."

बाबा पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक आधीच होतं.

"तू दोन वर्षांची होतीस. ती खुर्चीत बसून पुटपुटत होती. मी दारातून म्हटलं, भिंतीकडून उत्तर आलं की मलाही कळव. वर हसलो. तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून दार लावून बसायला लागली."

"भांडलात?"

"छे गं. दहा मिनिटांनी बाहेर यायची, 'चहा ठेवू?' म्हणायची. बावीस वर्षं. आत काय चालतं, हे मी एकदाही विचारलं नाही. आता पुस्तकांना विचारतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू गेली होतीस कधी आत?"

"लहानपणी. मांडीवर पेंगायचे."

"काय म्हणायची?" पेन्सिल कागदाला टेकली होती.

मी मनापासून प्रयत्न केला. "नाही आठवत, बाबा. ओठ हलायचे. हात गरम असायचे."

त्यांनी लिहून घेतलं. "दोन्ही?"

"दोन्ही."

रात्री जेवणाआधी त्यांनी मला कागद दाखवला. एकच पान.

'वेळ सकाळी सहा चाळीस ते सहा पन्नास. सुरुवातीला खुर्ची दोनदा करकरायची, मग नाही. दोन्ही हात गरम (मुलीची साक्ष). त्यानंतर चहा ठेवताना भांडी आपटायची नाही, एरवी आपटायची. माझं ऑपरेशन होतं त्या सकाळी पंचवीस मिनिटं लागली. शब्द माहीत नाहीत. निरीक्षण दाराबाहेरून. दार माझ्यामुळे लागलं होतं.'

"पास होईन?" बाबांनी विचारलं.

 आत्याने चष्मा लावून पान वाचलं, घडी घालून परत दिलं आणि पहिल्यांदाच काही टोचलं नाही.

सोमवारी सकाळी आईच्या खोलीतून करकर ऐकू आली. दोनदा. बाबा तिच्या खुर्चीत बसले होते. नवं यंत्र पहिल्यांदा हाती आल्यावर बसायचे तसे, कुठेही हात न लावता, नुसते बघत. सहा चाळीस झाले होते. निबंध दप्तरात भरून दाराशी ठेवलेला होता.

"काय म्हणायचं असतं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला तरी कुठे माहितीय?"

त्यांनी मान डोलावली.

"दार लावू?"

बाबांनी थोडा विचार केला. "लाव."

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर नकळत श्वास रोखून उभी राहिले.