थप्पड, सावकाश

पडद्यावर पोपटरावांचा हात हवेत गेला आणि कॉम्प्युटर अडकला.

"ह्याच टायमाला कसा बसतो ह्यो?" म्हणत पोपटरावांनी मॉनिटरच्या डोक्यावर चापट दिली. मॉनिटरची काही चूक नव्हती, पण समोर तोच होता.

"आप्पा, डबा बारा वर्षांचा हाय. नव्या कॅमेऱ्याचं शूटिंग त्याला झेपत न्हाई," महेंद्र म्हणाला. शिरूरमधल्या एका गाळ्यात वीस वर्षं तो लोकांची लग्नं एडिट करत होता. रडारड, घोरणं, पिऊन आलेले पाहुणे, असं नको ते कापून त्यानं शेकडो संसारांची सुरुवात गोड करून दिली होती.

वडगाव रासाईच्या पोपटरावांकडचं लग्न मात्र कात्रीच्या पलीकडचं होतं. मंगलाष्टकांआधी माइकवाल्यानं रिवाजाप्रमाणे सत्कार सुरू केले. पुढारी झाले, चेअरमन झाले, वरवंडहून आलेला नवरीचा मामा झाला, आणि नवरदेवाचा बाप राहिला. पोपटराव स्टेजवर चढले. पुढची अकरा मिनिटं सत्काराचे नारळ हातात न देता डोक्यात देण्यात आले. शालींनी गळे आवळले गेले. आचाऱ्याचा झारा कुणाच्या तरी जबड्यावर बसला आणि दोन दात रांगोळीत सापडले. मंडळी दमल्यावर लग्न लागलं.

या गडबडीत पोपटरावांच्या पत्नीच्या, सिंधूबाईंच्या, कानाचा पडदा फाटला. मारणारा नवरीचा मामाच, अशी तक्रार झाली. मामाला अटक झाली आणि नवी सून भाग्यश्री चौथ्या दिवशी वरवंडला परत धाडली गेली. मामाला शिक्षा झाल्याशिवाय ती उंबरा चढणार नाही, असं पोपटरावांनी जाहीर केलं होतं. पुराव्यासाठी त्यांना ती थप्पड हवी होती. सावकाश, जजसाहेबांना बोटं मोजता येतील इतकी.

"काय लागंल ते टाक त्या डब्यात," उठताना ते म्हणाले. "परवा मला थप्पड दिसली पायजे. न्हाईतर दुसरी दिसंल."

दौंडला कॉम्प्युटरच्या पार्टांचं दुकान चालवणाऱ्या शितलनं आधी विचारलं, "दादा, ग्राफिक्स कार्ड कशाला? गेम खेळताय व्हय?"

"न्हाई. मारामारी बघायचीय."

"मंग एकच की." तिनं दोन पंख्यांचं धिप्पाड कार्ड पुढं केलं. "सप्लाय किती वॅटचा?"

"तीनशे."

तिनं कार्ड मागं ओढलं. "नको मंग. ह्याला निराळी वायर लागती. डबा जळंल आन् शिव्या मला घालशीला." दुसरं निम्म्या किमतीत होतं. "पर हे दोन वर्षं न थांबता राबलंय. कुणीतरी ह्याच्यावर ते बिटकॉइनसारखं ऑनलाइन कॉइन काढायचा. कवा मान टाकंल, सांगता यायचं न्हाई."

महेंद्रला त्या कार्डाबद्दल आपुलकी वाटली, पण त्यानं ते घेतलं नाही. शेवटी शितलनं तळहाताएवढं एका पंख्याचं कार्ड काढलं. "हे घ्या. स्लॉटमधनंच करंट घेतं. ह्याच्याहून भारी घेतलं तर तुमचा प्रोसेसरच मागं पडंल. डबा बारका हाय ना? कार्डाची मागची पट्टी बारकी लावून देते, म्हंजी बसंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड बसलं आणि मारामारी न अडखळता चालू लागली. महेंद्रनं वेग कमी केला. पोपटरावांचा हात वर गेला. मामा सावकाश खाली वाकला. मधे पडायला आलेल्या सिंधूबाईंनी नवऱ्याचा सदरा धरला होता. हात उतरला तो अंगठीसकट त्यांच्या कानावर. गाल हलला, मान फिरली, बांगड्या फुटून हवेत तरंगल्या. मामाचे दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर होते. आपल्या हाताला कान लागला एवढं पोपटरावांना त्या दिवशी कळलं होतं. कुणाचा, याची चौकशी त्यांनी केली नव्हती.

महेंद्रचं बोट डिलीटच्या बटणावर बराच वेळ होतं. नको ते कापण्याचेच तर त्याला पैसे मिळत. मग त्यानं हात मागं घेऊन चहा मागवला.

ठरल्या दिवशी पोपटराव सिंधूबाईंनाही घेऊन आले. "बघ, कसं मारलंय तुला ते."

महेंद्रनं चालू केलं.

"मागं घे," पोपटराव म्हणाले. त्यानं मागं घेतलं. तिसऱ्या वेळी ते हळू आवाजात म्हणाले, "कापून टाक."

"आप्पा, माणूस बिनगुन्ह्याचा आत बसलाय. हे न्हाई कापायचो मी."

ट्रायपॉड भिंतीशी उभा होता. पहिला तडाखा महेंद्रच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. तो खाली पडल्यावर पोपटरावांनी वायरींसकट डबा उपसला, दारात नेऊन रस्त्यावर आपटला आणि टाचेनं तुडवला. गटाराच्या कडेला पडलेल्या नव्या कार्डाचा पंखा वाऱ्यानं थोडा फिरला. एक दिवसाची नोकरी झाली होती त्याची.

"चल गं," म्हणून ते जीपकडे गेले.

सिंधूबाई बसूनच होत्या. "समदं गेलं का रं?"

महेंद्रनं ओठ पुसला. "कॅमेऱ्यात हाय, काकू. बारीक दिसतं."

"दाव."

बोटभर पडद्यावर माणसं मुंग्यांएवढी होती, पण आता कुठं बघायचं ते माहीत होतं.

"तक्रारीवर सही माझी हाय," त्या म्हणाल्या. "त्या माणसाचा हात झडू दे म्हणले मी. भाग्यश्रीदेखत."

बाहेर हॉर्न वाजत होता. महेंद्रच्या ओठातलं रक्त पडद्यावर टपकलं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि पुढच्या वेळी बटण स्वतः दाबलं. मग कॅमेरा हातात धरून उठल्या.

"पोलीस ठाणं कुठल्या अंगाला?"

"उजवीकडं, काकू. येतो मी."

जीप डावीकडं उभी होती.