तीन दिवसांचं कातडं

मँडीने मेलेल्या कोकराच्या मागच्या पायांभोवती सुरी फिरवली आणि ओला मोजा उतरवावा तसं कातडं मानेपर्यंत ओढत आणलं. गोठ्याच्या दारात क्रेग शहरी बूट सांभाळत उभा होता. त्याने तोंड फिरवलं. याच गोठ्यात लहानाचा मोठा झालेला हा माणूस, पण मँचेस्टरला वीस वर्षं काढली आणि नाक नाजूक झालं.

त्याच्याशेजारी थडग्यांचे दगड कोरणारे म्हातारे टायसन वही उघडून उभे होते. एडना बर्केटला जाऊन सहा महिने झाले होते, थडग्यावरची माती बसली होती, आता दगड उभा करायचा होता. त्यावर काय कोरायचं याबद्दल फोनवर क्रेग आणि मँडीचं एकमत होईना, म्हणून टायसन स्वतःच डोंगर चढून आले होते.

"वाचतो," ते म्हणाले. "एडना बर्केट. क्रेगची आई आणि मँडीची फॉस्टर आई. बरोबर?"

"चूक," मँडी म्हणाली.

"चूक काय त्यात?" क्रेग म्हणाला. "सहा वर्षांची असताना सरकारने तुला इथे वाढवायला दिलं. जे आहे ते आहे."

"चाळीस वर्षं मी तिला आई म्हणाले. 'फॉस्टर आई, मीठ दे' असं म्हणत होते का रे?"

"दगडावर खरं तेच लिहायचं असतं."

रागाने मँडीचे कान तापले होते, पण हातातलं काम थांबवून चालणार नव्हतं. कोपऱ्यातल्या खोक्यात आईविना राहिलेलं एक कोकरू गारठून ओरडत होतं. तिने त्याचे चारही पाय कातड्याच्या भोकांतून काढले आणि मेलेल्याचा अंगरखा त्याला चढवला. मेलेल्याच्या वासावर परक्या मेंढीला कोकरू लावण्यालाही इकडे फॉस्टर करणंच म्हणतात.

टायसन खाकरले. "चिडू नकोस पोरी. शब्द वाईट नाही. हजार वर्षांपूर्वी आपल्या इंग्रजीत फॉस्टर म्हणजे नुसतं अन्न. फूड, गुरांचा चारा म्हणजे फॉडर आणि हा, तिघं सख्खी भावंडं. फॉस्टर आई म्हणजे खाऊ घालणारी."

"बघ!" क्रेग खुलला. "मानाचाच शब्द आहे की."

"मानाचा ना? मग तुझ्या ओळीत घाल. तुला काय उपाशी ठेवलं होतं तिने?"

टायसननी वहीत डोकं खुपसलं.

ज्या मेंढीचं पिल्लू मेलं होतं तिच्या पुढ्यात मँडीने कोकरू सोडलं. मेंढीने पाय आपटला, मग वाकून त्याच्या शेपटीपाशी बराच वेळ हुंगलं. कोकरू लटपटत कासेशी गेलं. मेंढी हलली नाही. तिने पान्हा सोडला.

"हे कातडं असंच ठेवायचं?" क्रेगने विचारलं. भांडणातून सुटायला त्याला काहीतरी हवं होतं.

"विसरलास? तीन दिवस. तोवर तिचं दूध याच्या पोटात जातं आणि याच्या अंगाला तिचाच वास येतो. मग कातडं काढून फेकायचं." ती वळली. सुरी अजून हातातच होती. "मेंढीला तीन दिवस पुरतात, क्रेग. तुला अख्ख्या जन्मात जमलं नाही. आणि खाऊ घालण्यावरच मोजायचं असेल तर तिची शेवटची दोन वर्षं मोज. दर रविवारी फोन करून 'जेवली का' विचारायचास. मी 'जेवली' म्हणायचे. काय जेवली, कोणी भरवलं, हे एकदा तरी विचारलंस?"

क्रेगने खिशातून हात काढले, पुन्हा घातले. कोकराच्या चोखण्याचा आवाज येत होता.

"काय खायची?" त्याने शेवटी विचारलं.

"तांदळाची खीर, वर जायफळ. साय आधी मागायची. गिळता येईना तेव्हाही सायच मागायची."

"साय मला द्यायची ती."

"तुझ्यासाठीच बाजूला ठेवायची. 'क्रेग येईल' म्हणायची. मग मीच खायचे."

क्रेगने टायसनच्या हातातून वही घेतली, कठड्यावर टेकवली आणि पेन्सिलीने एक शब्द खोडला. कागद फाटेल इतक्या जोराने खोडला.

टायसननी चष्मा वर सरकवून वाचलं. "एडना बर्केट. क्रेगची आई आणि मँडीची आई." त्यांनी दोघांकडे पाहिलं. "आता झालं?"

मँडी सुरी गवतावर पुसत होती.

"नाही," ती म्हणाली. "माझं नाव आधी. तू जन्मलास त्याआधीच मी इथे आले होते."